उन्हाचे माप घेणाऱ्या ॲना मणी

उन्हाळा तापू लागला की दिल्लीच्या बातम्यांत काही ठिकाणांची नावे नेमाने येऊ लागतात. सफदरजंग, पालम, रिज, आयानगर, नजफगढ, मुंगेशपूर आणि यमुनेपलीकडील मयूर विहार. देशाच्या सर्व भागांतून नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या कुटुंबांची ही निवासी वसाहत. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे एक स्वयंचलित केंद्र तेथे आहे. त्यामुळे पारा कोठवर चढला आणि पाऊस किती मिलिमीटर झाला, हे सांगताना मयूर विहारचा उल्लेख हमखास होतो. आकडा ऐकणारा तो सहसा तपासून पाहत नाही. यंत्राने सांगितले म्हणजे ते खरेच असणार, असे आपण गृहीत धरतो.

या विश्वासाला २९ मे २०२४ रोजी चांगलाच धक्का बसला. त्या दिवशी दिल्लीच्या वायव्य टोकाकडील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. देशातील आजवरचे सर्वाधिक तापमान म्हणून ही बातमी काही तासांत जगभर पोहोचली. विभागाला मात्र शंका आली. तज्ज्ञांनी प्रमाण उपकरण नेऊन तुलना केली, तेव्हा तेथील संवेदक सुमारे ३ अंश अधिक दाखवत असल्याचे आढळले. विक्रम गेला आणि चूक मान्य झाली. तोवर तो आकडा असंख्य लोकांच्या मनात ठसून गेला होता.

चुकीचे माप हे माप नसण्यापेक्षा अधिक घातक असते, अशी ठाम धारणा बाळगून आयुष्यभर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञ महिलेची या प्रसंगी आठवण होणे स्वाभाविक आहे. ॲना मणी हे त्यांचे नाव. जन्माने त्या केरळच्या. पण त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा काळ पुण्यात गेला आणि सरकारी सेवेची अखेरची वर्षे दिल्लीत. उजेडाचे उष्णतेत रूपांतर करून त्याचे माप घेण्याची जी विद्या आज लेसर यंत्रांची शक्ती मोजण्यासाठी सर्रास वापरली जाते, तिचा भारतातील शिस्तबद्ध पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना करावी लागते. लेसरवर त्यांनी स्वतः काम केले नाही. त्यांनी मापला तो सूर्य. तरीही लेसरशी त्यांचा एक जुना संबंध आहे आणि तो माणकाच्या खड्यातून जातो.

हिऱ्यांच्या कुड्या आणि ज्ञानकोश

तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगराळ गावी २३ ऑगस्ट १९१८ रोजी ॲना मणी यांचा जन्म झाला. आठ भावंडांतील त्या सातव्या. कुटुंब सुखवस्तू सीरियन ख्रिस्ती. वडील स्थापत्य अभियंता होते आणि वेलदोड्याचे मळे राखून होते. धर्माच्या बाबतीत स्वतः पटल्याखेरीज काहीही स्वीकारू नये, अशी त्यांची वृत्ती होती. घराची घडी मात्र त्या काळाला साजेशीच. मुलग्यांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जावे आणि मुलींनी विवाहासाठी तयार व्हावे, असा रिवाज होता.

आठव्या वाढदिवशी मुलीला हिऱ्यांच्या कुड्या देण्याची या घराण्यात प्रथा होती. ॲना यांनी त्या नाकारल्या आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका हा ज्ञानकोश मागितला. तोवर गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातील बहुतेक सर्व मल्याळम पुस्तके त्यांनी वाचून काढली होती. त्याच दशकात आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड प्रसिद्ध होत होते. ज्ञानकोश हीच मोठी दौलत वाटावी, असाच तो काळ होता.

१९२५ साली वैकोम येथील सत्याग्रहाच्या निमित्ताने महात्मा गांधी त्रावणकोरात आले. त्या वेळी ॲना अवघ्या सहा-सात वर्षांच्या होत्या. त्या भेटीचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला. पुढे त्यांनी खादी स्वीकारली आणि ती सोडली नाही. मोठ्या बहिणींप्रमाणे लवकर विवाह करण्याऐवजी त्यांनी उच्च शिक्षणाचा हट्ट धरला. घरच्यांनी त्याला फारसा विरोध केला नाही आणि फारसे प्रोत्साहनही दिले नाही.

माणिक आणि हिरे

मद्रास येथे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या विषयांत ऑनर्ससह बी.एस्‌सी. झाल्यावर १९४० साली त्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली. तेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचा प्रवेश झाला. रामन यांना त्या काळी हिऱ्यांनी भारून टाकले होते. देशोदेशींचे हिरे त्यांनी जमवले होते आणि त्यांचे विद्यार्थी त्यांवर प्रकाश टाकून तो कसा बदलतो हे पाहत असत. लहानपणी हिरे नाकारणाऱ्या मुलीच्या हाती आता हिरेच आले. ते अंगावर घालण्यासाठी नव्हते एवढाच फरक.

ॲना मणी यांनी तीसहून अधिक हिऱ्यांचे आणि त्यांबरोबर माणकाचे वर्णपट नोंदवले. हे काम सहनशीलतेची कसोटी पाहणारे होते. खडा द्रवरूप हवेच्या साहाय्याने अतिशय थंड करायचा, त्यावर प्रकाश सोडायचा आणि त्यातून निघणारी अत्यंत क्षीण प्रभा छायाचित्रण-काचेवर उमटवायची. एका काचेला १५ ते २० तास प्रकाश द्यावा लागे. त्यामुळे रात्री प्रयोगशाळेतच काढाव्या लागत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकट्याच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले.

माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. त्यात क्रोमियमचे अल्प अंश मिसळलेले असतात आणि त्यांच्यामुळेच त्याला लाल रंग येतो. हिरवा किंवा निळा प्रकाश शोषून घेतल्यावर हे क्रोमियमचे अणू सुमारे ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश बाहेर टाकतात. या प्रभेचा अभ्यास करणाऱ्या जगातील मोजक्या संशोधकांत बंगळूरमधील ही विशीतील तरुणी होती. १५ वर्षांनी, १६ मे १९६० रोजी, अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाचाच एक छोटा दांडा घेतला आणि त्याभोवती लखलखाटी दिवा गुंडाळून तीच लाल प्रभा एकसूत्री, एकदिश झोतात बाहेर काढली. तो जगातील पहिला लेसर. मेमन यांच्या शोधाचे श्रेय मेमन यांचेच. मात्र ज्या खड्यातून तो निघाला, त्याच्या अंतरंगाची ओळख करून देणाऱ्या दीर्घ परंपरेत बंगळूरच्या त्या रात्रीही येतात.

१९४५च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनावर त्या काळी हेच विद्यापीठ पदवी देत असे. विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. कारण एकच, त्यांच्याजवळ एम.एस्‌सी.ची पदवी नव्हती. ऑनर्ससह पदवी, स्पर्धेतून मिळालेली शिष्यवृत्ती आणि पाच स्वतंत्र निबंध या गोष्टींना नियमाच्या पुस्तकात जागा नव्हती. तो प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आजही आहे. त्याला पदवी कधीच लाभली नाही. ॲना मणी यांनी या अन्यायाचा फारसा गवगवा केला नाही. पदवीवाचून आपले काही अडले नाही, असेच त्या मानत. त्यांचे अडले नसेलही. पण ज्या विद्यापीठाला नियमावलीखेरीज दुसरी मोजपट्टी सापडली नाही, त्याच्याविषयी वाचकाने काय मत करून घ्यावे हे सांगण्याची गरज नाही.

लंडनहून पुण्याला

भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या १९४५ साली सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून इंग्लंडला निघाल्या. इच्छा पदार्थविज्ञान शिकण्याची होती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये पोहोचल्यावर कळले की उपलब्ध शिष्यवृत्ती हवामानविषयक उपकरणांच्या शिक्षणासाठी आहे. त्यांनी ती स्वीकारली. पुढची तीस वर्षे ज्या विषयाला वाहून घेतले, तो विषय असा अनपेक्षितपणे वाट्याला आला होता.

१९४८ साली त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्यात हवामानशास्त्र विभागाच्या उपकरण शाखेत रुजू झाल्या. पुणेकरांना शिवाजीनगरची ती जुनी दगडी इमारत सिमला ऑफिस या नावाने ठाऊक आहे. विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून तेथे आले आणि पुढे दिल्लीला गेले, तरी सिमल्याचे नाव मागे राहिले. मराठी माणसाला ही इमारत मुख्यतः वेधशाळेच्या अंदाजांवरील विनोदांमुळे परिचित. अंदाज चुकला की हसण्याची आपली सवय जुनी आहे. परंतु ज्या मापांच्या आधारे अंदाज बांधायचे ती मापे कशी घेतली जातात, हा प्रश्न हसणाऱ्यांना सहसा पडत नाही.

त्या काळी साधे पर्जन्यमापक आणि तापमापकही परदेशातून येत असत. शाखेचे प्रमुख एस. पी. वेंकिटेश्वरन यांनी ही उपकरणे देशातच बनवण्याचा निर्धार केला होता आणि ॲना मणी या कार्याशी एकरूप झाल्या. सुमारे शंभर हवामान-उपकरणांची प्रमाण रेखाचित्रे त्यांनी तयार करवून घेतली. त्यामुळे कोणत्याही कारखान्यात बनलेले उपकरण त्याच मापाचे निघू लागले. १९५३ साली त्या या शाखेच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ कर्मचारी होते आणि ते सर्व पुरुष होते. बंगळूरला असताना एखाद्या स्त्रीच्या हातून उपकरण हाताळताना लहानशी चूक झाली, तरी ती साऱ्या स्त्रीजातीची अपात्रता मानली जाई, हे त्यांनी अनुभवले होते. पुण्याच्या कार्यशाळेत त्यांचा दरारा होता तो अचूकतेचा.

उजेडाची उष्णता, उष्णतेची वीज

ॲना मणी यांचे सर्वांत मोलाचे कार्य सौर प्रारणाच्या मापनाचे आहे. ते समजण्यासाठी मापनाची रीत थोडी तपशिलाने पाहावी लागेल.

प्रकाशाला वजन करण्याजोगे काही नसते. त्याची शक्ती मोजण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्याला एखाद्या काळ्या पृष्ठभागावर पूर्णपणे शोषू द्यायचे आणि तो पृष्ठभाग किती तापला ते पाहायचे. सगळा प्रकाश शेवटी उष्णता होतो. मग तो निळा असो, लाल असो वा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असो. आता प्रश्न ती उष्णता मोजण्याचा. दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाशी जोडल्या आणि एक सांधा गरम व दुसरा थंड ठेवला, तर त्यांतून सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो. जर्मन शास्त्रज्ञ थॉमस सीबेक यांना १८२१ साली हा परिणाम आढळला. अशा जोडीला थर्मोकपल म्हणतात. तांबे आणि कॉन्स्टंटन यांच्या जोडीत एका अंशाच्या फरकाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट इतकाच दाब मिळतो, म्हणजे व्होल्टचा पंचवीस हजारावा भाग. म्हणून अनेक जोड्या एकापुढे एक गुंफून त्यांचा दाब एकत्र करतात. हा झाला थर्मोपाइल.

सौर प्रारण मोजणाऱ्या पायरॅनोमीटरमध्ये काळ्या रंगाने माखलेली छोटी तबकडी किंवा पट्ट्यांची रांग असते आणि तिच्याखाली थर्मोपाइल. वर पारदर्शक काचेचे घुमट असतात, कारण वाऱ्याची झुळूकही तबकडीला थंड करून माप बिघडवते. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॉट ऊन पडते. त्यावर हे उपकरण काही मिलिव्होल्ट दाब देते. सांगायला इतके सोपे. परंतु काळा रंग उन्हाने फिकट पडत जातो. घुमटावर धूळ बसते, पहाटे दव साचते. बैठक जराशी कलली तरी कोन बदलतो आणि सकाळचे ऊन संध्याकाळच्या उन्हाशी जुळेनासे होते. उपकरण बंद पडले तर निदान कळते. या दोषांमुळे ते बंद पडत नाही, मुकाट्याने खोटे सांगत राहते.

यावर उपाय एकच, अधिक विश्वसनीय उपकरणाशी पुन्हा पुन्हा तुलना. स्वीडनचे क्नुट ॲंगस्ट्रॉम यांनी १८९३ साली अशी एक सुंदर युक्ती काढली होती. दोन सारख्या काळ्या धातूपट्ट्या घ्यायच्या, एक उन्हात आणि दुसरी सावलीत. सावलीतल्या पट्टीतून वीज सोडून ती उन्हातल्या पट्टीइतकीच तापवायची. दोन्ही सारख्या तापल्या की तिला दिलेली वीज म्हणजेच पहिलीवर पडलेले ऊन. वीज अचूक मोजता येते, त्यामुळे ऊनही अचूक मोजले जाते. पुण्यात ॲंगस्ट्रॉमचे उपकरण प्रमाण मानून देशभरच्या पायरॅनोमीटरांचे अंशांकन होत असे. यासाठी पायरॅनोमीटरवर छोट्या तबकडीची सावली धरून थेट ऊन अडवायचे, सावलीतील व उन्हातील मापांचा फरक काढायचा आणि तो प्रमाण उपकरणाच्या आकड्याशी ताडायचा. हे काम निरभ्र आकाशाखाली, तासन्‌तास उभे राहून करावे लागते.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळण्यात आले आणि त्या निमित्ताने भारतात सौर प्रारण मापनाच्या केंद्रांचे जाळे विणण्याची जबाबदारी ॲना मणी यांच्यावर आली. त्याआधी जगात उन्हाच्या दोन मोजपट्ट्या प्रचलित होत्या, एक ॲंगस्ट्रॉमची आणि दुसरी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेची. दोघींत सुमारे साडेतीन टक्क्यांची तफावत होती. जणू युरोपचा सूर्य निराळा आणि अमेरिकेचा निराळा. १९५६ साली एकीचे माप दीड टक्का वाढवून आणि दुसरीचे दोन टक्के घटवून त्या जुळवण्यात आल्या. अशा वेळी उभे राहिलेले भारताचे जाळे पहिल्या दिवसापासून एकाच मोजपट्टीवर चालावे, हा ॲना मणी यांचा आग्रह होता. आरंभी परदेशी उपकरणे वापरली गेली. नंतर पुण्याच्या कार्यशाळेत थर्मोपाइल गुंफले जाऊ लागले आणि भारतीय बनावटीची उपकरणे केंद्राकेंद्रावर पोहोचली. केसासारख्या तारा एकसारख्या सांध्यांनी जोडणाऱ्या तेथील कारागिरांची नावे कोणत्याही ग्रंथात आढळत नाहीत. आढळायला हवी होती.

पुढे स्वित्झर्लंडमधील दावोस येथील जागतिक प्रारण केंद्रात ठेवलेली उपकरणे सर्व जगासाठी प्रमाण ठरली. दर पाच वर्षांनी देशोदेशीची प्रमाण उपकरणे तेथे एकाच सूर्याखाली मांडून जुळवली जातात. पुणे हे आशिया खंडातील जागतिक हवामान संघटनेचे एक प्रादेशिक प्रारण केंद्र आहे.

याच काळात ओझोन वायूचे मापन करणारे, फुग्यासोबत वर जाणारे भारतीय उपकरणही त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. डॉ. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून १९६३ साली थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण केंद्रावर त्यांनी हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारून दिला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला थुंब्याहून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला.

तीच तबकडी, लेसरपुढे

मेमन यांच्या माणिक-लेसरनंतर प्रयोगशाळांपुढे प्रश्न उभा राहिला, या झोताची शक्ती मोजायची कशी? आरंभीच्या काळात तर दाढीच्या पात्यांची चळत समोर ठेवून झोत किती पाती भेदतो यावरून अंदाज बांधत आणि थट्टेने त्या एककाला जिलेट म्हणत. शास्त्रीय मापनासाठी मात्र पुन्हा जुन्याच विद्येकडे वळावे लागले, म्हणजे काळा शोषक आणि थर्मोपाइल.

आजचे उष्णता-संवेदक असलेले लेसर शक्तिमापक पाहिले, तर त्यात सूर्य मोजणाऱ्या उपकरणाचे सख्खे भावंड ओळखू येते. धातूच्या तबकडीच्या मध्यावर शोषक लेप असतो. झोत तेथे पडला की उष्णता कडेकडे वाहत जाते. कडा थंड राखलेल्या असतात आणि मधल्या वर्तुळावर थर्मोकपलांचे कडे बसवलेले असते. आतील व बाहेरील तापमानाचा फरक म्हणजे झोताची शक्ती. मिलिवॉटपासून किलोवॉटपर्यंत हेच तत्त्व चालते. शक्ती फार असेल तर तबकडीमागे पंखा किंवा वाहते पाणी ठेवतात. अर्धवाहक संवेदक याहून कितीतरी चपळ. पण त्याची प्रतिक्रिया तरंगलांबीनुसार बदलते आणि तीव्र झोतापुढे तो हतबल होतो. उष्णता-संवेदक संथ खरा, आकडा स्थिरावायला एक-दोन सेकंद घेतो. मात्र रंगाचा भेदभाव तो फारसा करत नाही.

त्याचे दोषही परिचितच आहेत. खोलीतील वाऱ्याने शून्य सरकते, लेप जळून शोषण घटते, हाताच्या उबेने आकडा वाढतो. अंशांकनाची रीतही ॲंगस्ट्रॉमचीच. तबकडीला ज्ञात वीज देऊन तापवायचे आणि त्या तापाशी झोताचा ताप ताडायचा, किंवा राष्ट्रीय प्रमाणाशी जुळवलेल्या दुसऱ्या मापकाशी तुलना करायची. दिल्लीत पुसा येथे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे. प्रकाशीय प्रारणाची राष्ट्रीय प्रमाणे तेथे सांभाळली जातात. मयूर विहारहून मेट्रोने यमुना ओलांडून निघालेला माणूस तासाभरात तिच्या परिसरात पोहोचतो.

हे सारे केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. नेत्रचिकित्सकाच्या वा त्वचारोगतज्ज्ञाच्या लेसरची शक्ती ठरल्यापेक्षा कमी निघाली, तर उपचार वाया जातो. अधिक निघाली तर निरोगी पेशी जळतात. मुंगेशपूरला तीन अंशांची चूक झाली तेव्हा एक बातमी चुकली. डोळ्याच्या पडद्यावर चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा देऊन भागत नाही.

दिल्ली आणि त्यानंतर

१९६९ साली ॲना मणी उपमहासंचालक म्हणून दिल्लीच्या मुख्यालयात आल्या. त्या वेळी आजची मयूर विहार वसाहत वसलेली नव्हती. यमुनेच्या पूर्वतीरावर गावे व शेते होती. १९७५ साली त्यांनी जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून इजिप्तमध्ये काम केले आणि १९७६ साली त्या सेवानिवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर त्या बंगळूरला रामन संशोधन संस्थेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून तीन वर्षे होत्या. जिथे पदवी नाकारलेला प्रबंध ठेवलेला होता, तिथेच त्या सन्मानाने परतल्या. केंद्रांनी जमवलेल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून त्यांनी भारतातील सौर प्रारणाविषयीचे दोन ग्रंथ सिद्ध केले. त्यांपैकी पहिला १९८० साली प्रसिद्ध झाला. देशात सौर ऊर्जेचे प्रकल्प आखणाऱ्यांना या आकडेवारीचा दीर्घकाळ आधार होता. कोणत्या गावी वर्षाकाठी किती ऊन पडते हे ठाऊक असल्याखेरीज सौर पट्ट्या किती लावाव्यात हे ठरवता येत नाही. याशिवाय ७००हून अधिक ठिकाणांची वाऱ्याची माहिती गोळा करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. वय साठीच्या पुढे होते. बंगळूरच्या औद्योगिक भागात वारा व सौर ऊर्जा मोजणारी उपकरणे बनवणारा एक छोटा कारखानाही त्यांनी चालवला.

त्या अविवाहित राहिल्या. संगीत, भटकंती आणि पक्षिनिरीक्षण हे त्यांचे छंद होते. स्त्री म्हणून आपले कार्य वेगळे काढून गौरवले जावे, हे त्यांना रुचत नसे. आपल्या वाट्याला आलेल्या अडचणींची चर्चाही त्या टाळत. हा त्यांचा स्वभाव झाला. चरित्र लिहिणाऱ्याने मात्र त्या अडचणी नव्हत्याच असे समजू नये. १९८७ साली भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे के. आर. रामनाथन पदक त्यांना मिळाले. मोठे नागरी सन्मान त्यांच्याकडे वळले नाहीत.

१९९४ साली पक्षाघाताने त्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. वयाची ८३ वर्षे पूर्ण व्हायला एक आठवडा उरला होता. २३ ऑगस्ट २०२२ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा अनेक तरुण वाचकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

पुण्याच्या शिवाजीनगरात, सिमला ऑफिसच्या परिसरात त्यांनी घडवलेली उपकरणांची शाखा आजही काम करते. काचेच्या घुमटाखालील काळ्या तबकड्या अजूनही ठरावीक मुदतीने उन्हात मांडल्या जातात आणि प्रमाण उपकरणाशी ताडून पाहिल्या जातात.